उपचार आपला, धूर दुसऱ्याचा

मुंबईतल्या रुग्णालयांत जे कापलं जातं, पुसलं जातं, टोचलं जातं, त्याचा शेवट वर्षानुवर्षं गोवंडीत होत आला. देवनारच्या डंपिंग ग्राउंडच्या परिसरात, दाट वस्तीच्या शेजारी, जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प 2009 पासून चालला. त्या भागात क्षयरोग आधीच मुक्कामाला होता. रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि शेवटी ते न्यायालयात गेले. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवायला सांगितलं. गोवंडीकरांना तो दिलासा मिळायलाच हवा होता. पण प्रकल्प हलला म्हणून कचरा कमी होत नाही. दक्षिण मुंबईत बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाच्या उपचारांचा धूर आता आणखी कोणाच्या तरी दारात जाणार, आणि तो माणूस त्या रुग्णालयाची पायरी कधी चढेलच असंही नाही.

आरोग्यसेवेच्या पर्यावरणाबद्दल बोलताना आपण सहसा इथून सुरुवात करत नाही. सुरुवात 5 जूनच्या पर्यावरण दिनापासून होते. पोर्चमध्ये एक रोप लावलं जातं, विश्वस्त त्याला पाणी घालतात, फोटो निघतो. गच्चीवर सोलर पॅनेल बसतात, केसपेपर संगणकावर जातात, कॅन्टीनमधले प्लास्टिकचे कप जाऊन कागदाचे येतात. यातलं काही वाईट नाही. सोलर पॅनेल तर जरूर बसवावेत. छत्तीसगडने आपली शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रं सौरऊर्जेवर आणली, तेव्हा वीज वाचली हा मोठा फायदा नव्हता. रात्री लाइट गेली तरी बाळंतपण टॉर्चच्या उजेडात करावं लागत नाही, हा मोठा फायदा होता. पण या सगळ्या यादीत एक प्रश्न कधीच नसतो: जो उपचार केला, तो करायची गरज होती का?

माझ्या मते पर्यावरणाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो अडचणीचा आहे म्हणूनच आपण कुंड्यांकडे वळतो.

आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यात दुपारी डोकावून बघा. दोन-तीन खाटा, प्रत्येक खाटेवर एक माणूस आणि स्टँडला टांगलेली बाटली. विचारलं तर सांगतील, ‘अशक्तपणा होता, सलाईन लावलंय.’ त्या बाटलीत काय असतं हे एकदा वाचून बघावं. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. ज्याला गिळता येतं, ज्याला उलट्या होत नाहीत, त्या माणसाला ही साखर आणि हे मीठ तोंडाने घ्यायला काय हरकत आहे? त्याऐवजी त्याच्या वाट्याला येते एक प्लास्टिकची बाटली, आयव्ही सेट, सुई, चिकटपट्टी, स्पिरिटचा बोळा, हातमोजे, या प्रत्येकाचं वेष्टन आणि कधी कधी शिरेची सूज. तासाभरात माणूस पैसे देऊन उठून जातो. मागे उरलेला ढीग कुठे जातो हे त्याला माहीत नसतं, आणि सलाईन लावणाऱ्या डॉक्टरलाही बहुतेक वेळा नसतं.

यावर उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालच्या बनगावला, कॉलऱ्याने माणसं मरत होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ड्रम भरले आणि ते पाणी रुग्णांना पाजायला सांगितलं. पाजणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते. 30 टक्क्यांच्या घरातला मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो त्याची एवढी मोठी परीक्षा त्या चिखलात झाली. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये, मरणोत्तर. त्यांनी लाखो जीव वाचवण्याची वाट दाखवली हे सगळे सांगतात. ती वाट सुईशिवाय, बाटलीशिवाय, भट्टीशिवाय जाते, हे मात्र कोणी मोजत नाही. पर्यावरणस्नेही उपचाराचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि तो पर्यावरणासाठी शोधलेलाच नव्हता.

डॉक्टर मंडळी यावर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ‘सुई नाही दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.’ ‘सलाईन लावलं नाही तर म्हणतात, डॉक्टरने काही केलंच नाही.’ गोळी लिहून दिलेल्या डॉक्टरपेक्षा टोचणारा डॉक्टर जास्त हुशार, ही समजूत गावात आहे आणि शहरातही आहे. पण ही समजूत आकाशातून पडलेली नाही. दोन पिढ्या डॉक्टरांनीच ती बाटलीबाटलीने भरली. ज्यांनी भरली त्यांनीच ती उपसायला हवी. डॉक्टरने रुग्णाला तीन मिनिटं समजावून सांगायची फी बिलात लावता येत नाही, बाटलीची लावता येते. या हिशेबात निसर्गाचा बळी जातो आणि रुग्णाचाही. आपली प्रबोधनाची परंपरा मोठी आहे असं आपण अभिमानाने सांगतो. अंगात आलेल्यांना आणि गंडे-दोऱ्यांना आपण प्रश्न विचारले. दवाखान्यात टांगलेल्या बाटलीपुढे मात्र आपण नारळ फोडल्यासारखे हात जोडून उभे राहतो.

फिजिओथेरपीच्या खोलीतही हेच चालतं, फक्त तिथे बाटलीच्या जागी यंत्र असतं. गरम पाण्याची टाकी सकाळी चालू होते ती रात्रीपर्यंत उकळत राहते, कारण मधूनच कोणी ‘शेक’ घ्यायला येतो. मग ‘करंट’, मग जेल लावून अल्ट्रासाउंड. कंबरदुखीच्या बाबतीत ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्ट्रासाउंड आणि विजेचे असले उपचार देऊ नयेत, व्यायाम द्यावा. आपल्याकडे व्यायामाचा कागद रुग्णाच्या हातात पडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, बिलासोबत. चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवशी चटई पसरतो आणि रुग्णाकडून व्यायाम करून घेतो. त्याच्या खोलीचं वीजबिल कमी येतं आणि त्याचा रुग्ण पुन्हा पुन्हा येत नाही. दुसऱ्या कारणामुळे असे लोक थोडे आहेत.

‘जगाच्या प्रदूषणात भारतातल्या दवाखान्यांचा वाटा तो केवढा?’ असाही एक आक्षेप असतो. हेल्थ केअर विदाउट हार्म या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी 4.4 टक्के आरोग्यसेवेतून येतात असं निघालं. आरोग्यसेवा हा एक देश मानला तर तो पाचव्या क्रमांकाचा प्रदूषक ठरेल. त्यातला मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे हे खरं. पण आपली मोठी खाजगी रुग्णालयं नक्कल कोणाची करतात? गडचिरोलीची की अमेरिकेतल्या ह्यूस्टनची?

नक्कल करायचीच तर मदुराईची करावी. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू केलेलं अरविंद नेत्र रुग्णालय आज जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे. तिथल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एका शस्त्रक्रियेमागे अरविंदमध्ये साधारण 6 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. ब्रिटनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली तर त्याच्या जवळजवळ वीसपट. आणि म्हणून अरविंदमध्ये जंतुसंसर्ग जास्त होतो का? नाही. फरक कशातून पडतो? उपकरणं निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात, डोळ्यात टाकायच्या औषधाची अख्खी बाटली एका रुग्णानंतर फेकली जात नाही, आणि शस्त्रक्रियागृहात काम इतकं आखलेलं असतं की यंत्रं रिकामी ताटकळत नाहीत. अमेरिकेत त्यातल्या काही गोष्टी नियमातच बसणार नाहीत. तेव्हा ते नियम रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहेत की विक्रेत्यांच्या, हा प्रश्न तिथल्याच डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली आहे.

पण पुन्हा वापरण्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा परिसरात एकदा वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस ‘बी’ची साथ पसरली आणि अनेक जीव गेले. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून पुन्हा भरायचे दिवस चांगले नव्हते. डिस्पोजेबल सुई आपल्याकडे रूढ झाली ती एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या भीतीने, आणि ती भीती खरी होती. म्हणून मी एक साधी रेघ आखतो. जे कातडीच्या आत जातं त्याबाबत काटकसर करायची नाही. जे बाहेरच राहतं, म्हणजे चादरी, गाऊन, टोप्या, ट्रे, ट्रेवरचं कापड, त्या प्रत्येकाला विचारायचं की कापडाचा ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करणं शक्य असताना तू प्लास्टिकचा का आलास? हिरव्या कापडाच्या ड्रेप्स धुऊन, इस्त्री करून, ड्रममध्ये भरून वापरणाऱ्या नर्सिंग होममध्ये गेल्या दोन दशकांत कागद-प्लास्टिकचे तयार संच शिरले ते संसर्ग वाढला म्हणून नव्हे. धोबी परवडत नाही आणि संच पुरवणारा दारात उभा असतो म्हणून.

आता त्या उरलेल्या कचऱ्याकडे येऊ. 2016 च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे रुग्णालयातला कचरा रंगाने वेगळा करायचा असतो. पिवळ्या पिशवीत रक्ताळलेले बोळे, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधं. हे सगळं जाळायचं. लाल पिशवीत आयव्ही सेट, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. हे वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून प्लास्टिक म्हणून पुन्हा वापरात जातं. सुया पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णालयातला साधारण 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्याइतकाच बिनधोक असतो. म्हणजे भेटायला आलेल्यांनी आणलेली शहाळी, मोसंबीची सालं, बिस्किटांचे पुडे, चहाचे कप. हे सगळं पिवळ्या पिशवीत गेलं की मोसंबीचं साल 800 अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत जाळलं जातं. लाल पिशवीतलं क्लोरीनयुक्त प्लास्टिक पिवळीत गेलं की जळताना डायॉक्सिन तयार होण्याची शक्यता वाढते, आणि ते कुठे पसरतं हे गोवंडीने सांगितलंच आहे.

पिशवी कोण बांधतं? मावशी आणि मामा. वॉर्डमधला सर्वांत कमी पगार त्यांचा, बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत, आणि ओल्या बोळ्याच्या सर्वांत जवळ हात त्यांचा. 2016 चे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण द्यावं, हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासावं. ओळखीच्या कोणत्याही रुग्णालयात मावशींना विचारून बघा, लशीचे तीन डोस पूर्ण झालेत का. बऱ्याच ठिकाणी उत्तराऐवजी हसू मिळेल. कचऱ्याचं वर्गीकरण बिघडलं की ओरडा त्यांच्यावर पडतो. पण सुई बोळ्यात गुंडाळून फेकणारा हात मावशींचा नसतो. तो रेसिडेंट डॉक्टरचा असतो, घाईत असलेल्या सिस्टरचा असतो, कधी मोठ्या सर्जनचाही. पिशवीपुढे सगळे सारखे, असं म्हणायला सर्जन तयार नसतात. रुग्णालयात जात पाळली जात नाही असं आपण म्हणतो. पिवळी पिशवी कोण उचलतं, त्यांची नावं पाहिली तर हे जरा जपून म्हणावं लागेल.

रुग्णालयाबाहेरही हेच. मधुमेहाचा रुग्ण घरी इन्सुलिन घेतो आणि सुई केरात टाकतो. ती पहिल्यांदा टोचते ती कचरा वेचणाऱ्या बाईला. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती अशाच बायकांनी उभी केली. त्यांचा हात वाचवायचा तर मधुमेहाच्या डॉक्टरने औषधासोबत एवढंच सांगायचं, ‘सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि भरली की इथे आणून द्या.’ त्या बाटल्या रुग्णालयाच्या पांढऱ्या डब्यात गेल्या म्हणजे झालं.

भूल देणाऱ्या गॅसचं एक उदाहरण देतो, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. डेसफ्लुरेन हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अडीच हजारपट पृथ्वी तापवतो. रुग्णाच्या श्वासातून तो जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पाइपातून छतावर जातो. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून अपरिहार्य गरज वगळता तो बंद केला. सेव्होफ्लुरेनसारखे पर्याय आहेत, आणि जिथे शक्य तिथे कमरेतून भूल आहे. दम्याच्या बाबतीत तर आपण न ठरवताच चांगल्या बाजूला आहोत. ‘पंपा’तून औषधासोबत एक वायू बाहेर फेकला जातो, तोही हजारपटीहून जास्त तापवणारा. आपल्याकडे लाखो लोक पावडरची कॅप्सूल टाकून ओढायचं साधं उपकरण वापरतात, त्यात वायूच नसतो, आणि ते स्वस्तही पडतं. लहान मुलांना आणि जोराचा झटका आलेल्याला पंप लागतो, तो द्यावाच. बाकीच्यांना कोणी ‘मोठ्या डॉक्टरने पंप दिला’ या प्रतिष्ठेपायी बदलायला सांगू नये.

मला जास्त बोलायचं आहे ते खिडक्यांबद्दल. क्षयरोगावर औषध नव्हतं तेव्हा मिरजेच्या वॉन्लेस चेस्ट सॅनिटोरियममध्ये, पाचगणीच्या आरोग्यधामांमध्ये रुग्णांना मोकळ्या हवेत झोपवत. जिल्ह्याच्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांची छपरं उंच, व्हरांडे रुंद, खिडक्या दोन्ही बाजूंना. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती हवा खेळती ठेवण्यात यंत्राने हवा फिरवणाऱ्या नव्या इमारतींपेक्षा कितीतरी सरस ठरल्या, आणि तिथे क्षयाच्या संसर्गाचा धोका कमी निघाला. आता आपल्या नव्या ओपीडींकडे पाहा. काचेची भिंत, बंद खिडकी, स्प्लिट एसी, आणि चाळीस माणसांपैकी निदान दहा खोकणारी. वीज जळते ती एकमेकांचा श्वास एकमेकांना पुरवण्यासाठी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत मां दंतेश्वरी रुग्णालय बांधलं तेव्हा त्यांनी गोंड गावाचा आराखडा घेतला. झोपड्यांसारख्या खोल्या, मधे अंगण, नातेवाईक सोबत राहू शकतील अशी रचना. आदिवासी माणूस दवाखान्याला घाबरू नये हा त्यांचा हेतू होता. पुण्यातला आर्किटेक्ट तिथून काही शिकेल असं मला वाटत नाही, पण त्याला काम देणाऱ्या विश्वस्तांनी तरी शिकायला काय हरकत आहे?

नियमांबद्दल शेवटचं. प्रत्येक रुग्णालयाने जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. तो अहवाल कोण वाचतं? आपण रुग्णालय निवडताना डॉक्टरांची पदवी बघतो, यंत्रं बघतो, पार्किंगही बघतो. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखांनी वर्षातून एकदा हे अहवाल शेजारी शेजारी ठेवावेत: एका खाटेमागे किती पिवळी पिशवी, किती लाल, आणि किती मावशी-मामांचे लशीचे डोस पूर्ण. सारख्याच आकाराच्या दोन नर्सिंग होमपैकी एकाची लाल पिशवी दुसऱ्याच्या दुप्पट का, हे शाखेच्या बैठकीत सहकाऱ्यांसमोर सांगायची वेळ आली तर कितीतरी सलाईनच्या बाटल्या स्टँडवर चढण्याआधीच कपाटात राहतील. रुग्णांनीही एवढं करावं. पुढच्या वेळी डॉक्टर ‘सलाईन लावू या’ म्हणाले की संकोच न करता विचारावं, ‘डॉक्टर, तोंडाने घेतलं तर चालेल का?’